दरीवरचा पूल, धावती गाडी आणि छायाचित्र

महाराष्ट्राच्या भूमीवर रेल्वे आणि पर्वत यांची गाठ पडल्यास आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि थळघाटातून इगतपुरीपर्यंत गाडी पोहोचली ती १८६५ मध्ये. दोन्ही घाटांत ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. अशा चढावर दऱ्या ओलांडण्यासाठी जे उंच पूल बांधले गेले, ते पाहण्यासाठी तेव्हाही लोक थांबत आणि आजही थांबतात. फरक एवढाच, की आज थांबणाऱ्या प्रत्येकाच्या हाती छायाचित्र घेण्याचे साधन आहे.

जिल्ह्याची माहितीपुस्तिका, शाळेचे हस्तलिखित, ग्रामपंचायतीचा वार्षिक अहवाल किंवा तालुक्याचे पर्यटनपत्रक यांपैकी काहीही सिद्ध करावयाचे झाले, की घाटातील पुलावरून जाणाऱ्या गाडीचे चित्र हवेच, असा आग्रह होतो. असे चित्र कसे घ्यावे, ते घेताना काय टाळावे आणि घेतल्यानंतर त्यात काय पाहावे, याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी या लेखात एकत्र केल्या आहेत.

पूर्वपीठिका

बोरघाटाच्या बांधकामाची हकिकत छायाचित्रणाच्या इतिहासाशीही जोडलेली आहे. या कामाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी मायदेशी परत न जाता ठेक्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि जाणकार अभियंत्यांच्या साह्याने काम तडीस नेले. घाटातील बोगदे, कमानी आणि उलट दिशेने गाडी वळविण्याचे स्थानक यांची त्या काळातील जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील काही त्यांच्या नावाने ओळखली जातात. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या या मार्गावर हजारो मजुरांनी रोगराईत आणि अपघातांत प्राण गमावले. त्या अनाम माणसांच्या श्रमाचा डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा म्हणून या जुन्या चित्रांचे मोल मोठे आहे.

त्या चित्रांत धावती गाडी मात्र दिसत नाही. त्याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळी काचेवर ओले रासायनिक द्रावण पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि लगेच जवळच्या तंबूत ते धुवावे लागे. काच कित्येक सेकंद उघडी ठेवल्याशिवाय तीवर प्रतिमा उमटत नसे. एवढ्या वेळात गाडी पुलावरून पुढे निघून जाई आणि काचेवर तिचा फार तर एक धूसर पट्टा राही. यास्तव जुन्या चित्रांतील पूल बहुधा रिकामे आहेत.

आजची साधने सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतात. आजचे पूलही निराळे आहेत. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे लोकार्पण २६ जानेवारी १९९८ रोजी झाले. या मार्गावर रत्नागिरीनजीक पानवल नदीवर उभारलेला पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार याहून थोडाच अधिक उंच आहे, एवढे सांगितले म्हणजे उंचीची कल्पना यावी. पुलाचा वरचा भाग एका टोकाशी तुकड्यातुकड्याने तयार करून खांबांवरून पुढे ढकलत नेण्याची पद्धत भारतात प्रथम येथे वापरण्यात आली. पुढे याच महामंडळाने जम्मू-काश्मीरमधील चिनाब नदीवरील पुलाचे काम पार पाडले. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच असलेल्या या पुलाचे उद्घाटन ६ जून २०२५ रोजी झाले. कोकणातील दऱ्याखोऱ्यांत मिळविलेला अनुभव हिमालयात उपयोगी पडला, ही मराठी वाचकास समाधान देणारी गोष्ट होय.

जागेची निवड

पुलाचे छायाचित्र पुलावरून घेता येत नाही. ही गोष्ट उघड आहे, तरीही ती वारंवार विसरली जाते. पुलावर उभे राहिल्यास पूल दिसतच नाही. दिसतात ते रूळ आणि कठडे. पुलाची उंची कळते ती दरीच्या समोरच्या उतारावरून किंवा तळातील रस्त्यावरून. तेव्हा उत्तम चित्राची जागा आणि सुरक्षित जागा या एकच असतात, हे मनाशी पक्के धरावे.

किती अंतरावर उभे राहावे, याचे गणित सोपे आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर असते आणि त्याच आकाराचा संवेदक असलेले अंकीय कॅमेरेही आहेत. अशा कॅमेऱ्यास ५० मिलिमीटरचे भिंग लावून ४२४ मीटरचा पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौकटीत बसवावयाचा असेल, तर सुमारे ५९० मीटर दूर जावे लागते. २८ मिलिमीटरचे रुंद भिंग असल्यास ३३० मीटर पुरतात. येथे एक अडचण उद्भवते. ५९० मीटरवरून ६४ मीटर उंचीचा खांब २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत जेमतेम साडेपाच मिलिमीटर भरतो. पूल संपूर्ण येतो. मात्र त्याची उंची हरवते. उलटपक्षी त्याच भिंगाने २०० मीटरवरून चित्र घेतल्यास खांब १६ मिलिमीटर भरतो आणि दरीची खोली प्रत्ययास येते. परंतु पुलाचा केवळ एक भागच दिसतो. लांबी दाखवावयाची की उंची, याचा निर्णय घरून निघण्यापूर्वीच घ्यावा. दोन्हींचा मोह धरणाऱ्यास बहुधा दोन्ही साधत नाहीत.

खांबाच्या पायथ्याशी एखादे झाड, शेतातील मांगर किंवा गुरे चौकटीत असू द्यावीत. माप कळण्यासाठी ओळखीची वस्तू शेजारी लागते. नुसत्या खांबाकडे पाहून तो वीस मीटरचा की साठ मीटरचा, हे वाचकास सांगता येणार नाही.

प्रकाश आणि ऋतू

सह्याद्रीचा पश्चिम उतार सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत असतो. पूर्वेकडील कडा ओलांडून ऊन दरीत उतरेपर्यंत पूल काळपट दिसतो आणि त्यामागील आकाश पांढरे फटक पडते. पुलाच्या ज्या बाजूस ऊन असेल, त्याच बाजूस छायाचित्रकाराने असावे, हा सर्वसाधारण नियम होय. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गावर सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची बाजू उजळते. भर दुपारी मात्र उभे ऊन पडते, खांबांना छाया राहत नाही आणि त्यांची गोलाई नाहीशी होते.

ऋतूंपैकी पावसाळ्याची अखेर ही सर्वांत अनुकूल. हवेतील धूळ धुतली गेलेली असते, उतार हिरवे असतात आणि ओहोळ वाहते असतात. एप्रिल-मे महिन्यांत दूरच्या वस्तू धुरकट दिसतात. ऐन पावसात चित्रे सुंदर मिळतात, परंतु उतारांवरची माती सैल झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. कोकण रेल्वेवर पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक असते आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. जुन्या वेळापत्रकावर विसंबून गेलेल्या मनुष्याने तासन् तास वाट पाहून रिकाम्या हाताने परतावे, असे अनेकदा घडते.

गाडीचा वेग आणि चित्राची स्पष्टता

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. सेकंदाच्या २५० व्या भागात ती ११ सेंटिमीटर सरकते आणि हजाराव्या भागात जवळजवळ ३ सेंटिमीटर. हे सरकणे चित्रात दिसेल की नाही, हे अंतरावर आणि भिंगावर अवलंबून असते. ४०० मीटरवरून ५० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात ११ सेंटिमीटरचे सरकणे मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढे होते आणि डोळ्यास जाणवत नाही. २०० मिलिमीटरचे दूरदर्शी भिंग लावताच ते चौपट होते आणि डब्यांच्या खिडक्या पुसट होऊ लागतात. तेव्हा लांबचे भिंग वापरताना सेकंदाचा हजारावा भाग निवडावा. घाटात गाडीचा वेग पुष्कळ कमी असतो, त्यामुळे तेथे याहून थोडी सवलत मिळते.

गाडी चौकटीत कोठे असावी, हेही आधी ठरवावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने इंजिन ४२४ मीटरचा पूल सुमारे २५ सेकंदांत ओलांडते. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरहून लांब असते, म्हणजे ती पुलापेक्षा लांब आहे. अशा वेळी इंजिन पुलाच्या दोनतृतीयांश भागावर आले असता चित्र घ्यावे. पुढे थोडा मोकळा पूल राहतो आणि गाडी कोठे जात आहे हे दिसते. घाईने दहा-वीस चित्रे घेण्यापेक्षा श्वास रोखून तीन घ्यावीत.

मोबाइलच्या कॅमेऱ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण बहुसंख्य वाचकांपाशी तेच साधन असते. त्यावरील मोठे करून पाहण्याची सोय ही अनेकदा प्रत्यक्ष भिंगाची नसून चित्राचा मधला भाग कापून ताणण्याची असते. छपाईसाठी असे चित्र निरुपयोगी ठरते. तसेच उजेड-सावलीचा मेळ घालण्यासाठी हे साधन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसविते. स्थिर डोंगरास ते मानवते, पण धावत्या गाडीच्या कडा दुहेरी होऊ शकतात. ही सोय तेवढ्यापुरती बंद ठेवावी.

कायदा आणि जीवितसुरक्षा

परवानगीवाचून रेल्वेच्या रुळांवर किंवा हद्दीत प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये दंडनीय अपराध आहे. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून चालत जाणाऱ्या पर्यटकांना अडविण्यात आले आणि धबधबा गाडीतूनच पाहावा, असे आवाहन रेल्वेने केले. ही कारवाई काहींना कठोर वाटली. परंतु आपत्कालीन ब्रेक लावल्यानंतरही भरधाव गाडी थांबेपर्यंत शेकडो मीटर पुढे जाते. चालकाची इच्छा असली तरी पुलावरच्या मनुष्यास तो वाचवू शकत नाही. वळणावरच्या पुलावर तर चालकास तो मनुष्य अगदी शेवटच्या क्षणी दिसतो.

कोकण रेल्वेच्या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रुळांवरील तारांत आता २५,००० व्होल्टचा दाब असतो. या तारांना स्पर्श झाला नाही तरी केवळ जवळ गेल्याने धक्का बसू शकतो. मोबाइलची धातूची काठी, छत्री किंवा ओली फांदी तारांच्या दिशेने उंचावणे म्हणजे मरणास निमंत्रण देणे होय. आकाशातून चित्र घेणाऱ्या ड्रोनसाठी ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरण करावयाचे असल्यास रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी. जेथे छायाचित्रणास मनाई असल्याचा फलक असेल, तेथे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

एका छायाचित्राची हकिकत

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका माहितीपुस्तिकेसाठी मुखपृष्ठाचे चित्र हवे होते. पावसाळा सरता सरता मी एका डोंगराळ भागातील उंच पुलासमोरच्या उतारावर सकाळपासून बसलो होतो. त्या पुलाचे आणि गावाचे नाव मुद्दामच देत नाही. सोबत गावातील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. नऊच्या सुमारास ऊन खांबांवर आले, गाडी आली आणि मनासारखे चित्र मिळाले. खाली दाट धुके, वर निळ्या डब्यांची रांग. समाधानाने मी कचेरीत परतलो.

मुखपृष्ठासाठी चित्र मोठे करून पाहताना पुलाच्या कडेला दोन रंगीत ठिपके आढळले. प्रथम ते चित्रातील दोष वाटले. अधिक मोठे केल्यावर दिसले की ती दोन मुले आहेत. रेल्वे कर्मचाऱ्यांना गाडी जाईपर्यंत उभे राहता यावे म्हणून पुलाच्या कडेस बाहेर काढलेली जी लहानशी जागा असते, तिच्यात ती एकमेकांना बिलगून उभी होती. पाठीवर दप्तरे होती. धाकट्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

मी तेथे तीन तास बसलो होतो. प्रकाश पाहिला, धुके पाहिले, गाडीची वाट पाहिली. मुले मात्र पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते चित्र घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ ते न्याहाळले आणि म्हणाले, “साहेब, ही आमचीच मुलं. पलीकडच्या वाडीतली. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांना दुसरी वाट नाही. रस्त्यानं यायचं तर पाच किलोमीटरचा वळसा पडतो. आम्ही रागावतो, तेवढ्यापुरती थांबतात.” वाडीतील एका वृद्ध बाईंनी सांगितले ते अधिक बोचरे होते. त्या म्हणाल्या, “बाबा, तू फोटो काढलास म्हणून तुला दिसलं. आम्ही रोज बघतो.”

ते चित्र मुखपृष्ठावर छापले नाही. छापले असते तर दोन अजाण मुले अपराधी ठरली असती आणि इतरांना तशा धाडसाची प्रेरणा मिळाली असती. मात्र मुलांचे चेहरे झाकून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या ठरावास जोडण्यात आली. ओढ्यावर साकव बांधण्याची मागणी त्या गावाने यापूर्वीही केली होती. या वेळी अर्जासोबत पुरावा होता. पुढील वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेत साकव मंजूर झाला, परंतु तो पुरा होईपर्यंत मध्ये आणखी एक पावसाळा गेला. त्या चार महिन्यांत शाळेतील दोन शिक्षकांनी आळीपाळीने वाडीवर जाऊन मुलांना लांबच्या रस्त्याने शाळेत आणले आणि संध्याकाळी परत पोहोचविले. या कामाची नोंद कोणत्याही अहवालात नाही, म्हणून ती येथे करीत आहे.

शाळा आणि पंचायतींसाठी काही सूचना

या अनुभवातून जे शिकावयास मिळाले, ते थोडक्यात असे सांगता येईल.

एक, घेतलेले प्रत्येक छायाचित्र मोठे करून कडेकडेने पाहावे. मधला विषय आपल्या ओळखीचा असतोच. आपल्या नजरेतून निसटलेले बहुधा कडेला असते.

दोन, शाळेच्या छायाचित्रण उपक्रमासाठी विद्यार्थ्यांना न्यावयाचे झाल्यास जागा आधी शिक्षकांनी पाहून यावी. ती सार्वजनिक रस्त्यावर किंवा मालकाच्या संमतीने खासगी जमिनीवर, रेल्वेच्या हद्दीबाहेर असावी. गटात एका शिक्षकाने छायाचित्रण मुळीच करू नये. त्याचे काम केवळ मुलांकडे लक्ष ठेवण्याचे.

तीन, गावाजवळ लोहमार्ग असल्यास लोक तो कोठे ओलांडतात, केव्हा ओलांडतात आणि का ओलांडतात, याची पाहणी पंचायतीने वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात करावी. ‘रूळ ओलांडू नये’ असा फलक लावणे सोपे आहे. दुसरी वाट उपलब्ध करून देणे हे खरे काम होय.

चार, मागणीच्या अर्जास जागेचे छायाचित्र जोडताना मागे तारीख, वेळ, ठिकाण आणि दिशा लिहावी. या चार गोष्टींवाचून चित्र देखावा ठरतो, त्यांच्यासह ते कागदपत्र होते.

पाच, रुळांवर उभे राहून घेतलेली चित्रे स्पर्धेत, प्रदर्शनात किंवा शासकीय प्रकाशनात स्वीकारू नयेत. बक्षीस मिळते हे दिसले, की त्याचे अनुकरण होते.

समारोप

उंच पुलावरून जाणारी गाडी हे दृश्य मनुष्याच्या कर्तृत्वाविषयी आदर निर्माण करणारे आहे, यात शंका नाही. दरी ओलांडण्यासाठी ज्यांनी श्रम केले, त्यांचे स्मरण त्या दृश्यात असते. परंतु त्याच दरीच्या तळाशी एखादा ओढा असतो आणि तो ओलांडण्यासाठी कुणीतरी अद्याप वाट पाहत असते. चौसष्ट मीटर उंचीचा पूल बांधू शकणाऱ्या समाजास दहा मीटरचा साकव अवघड नाही. त्याची गरज कुणाच्या तरी दृष्टीस पडावी लागते, एवढेच.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर अखेर दुसरे चित्र आले. ते पहिल्याइतके सुंदर नाही. धुके नव्हते आणि आकाशही फिके होते. पुलाखाली, ओढ्यावर, नवा साकव त्यात दिसतो.